पियानोशेजारच्या खुर्चीत

माझं अक्षर किरटं आहे आणि कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ ते मला आजही नीट कळत नाही, म्हणून आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी माफी मागावीशी वाटते, कारण कागदासमोरसुद्धा मला संकोचच होतो. दुकानात माझ्यामागून आलेली बाई माझ्याआधी सामान घेऊन जाते, असा माझा स्वभाव आहे. जे तोंडाने कोणाला सांगता आलं नाही ते एकदा लिहून पाहावं म्हणून बसले आहे.

मी नागपुरात सदर भागात एका बाईंकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करते. त्यांना मी मॅडम म्हणते. त्या एका शाळेत संगीत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, लग्न केलेलं नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून काळा पियानो उभा आहे. मी कामाला लागले तेव्हा मला ते कपाटच वाटलं होतं.

आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या सुमारास माझा नंबर लागला आणि मला तीस हजार रुपये एकदम मिळाले. ते कशासाठी हवेत हे माझं ठरलेलं होतं. आमच्या घरापासून चार पावलांवर रस्त्याला लागून एक खोली रिकामी होती. समोर मुलांचं होस्टेल. तिथे डबे करायचे असं माझ्या मनात होतं. डब्याच्या धंद्यात फार बोलावं लागत नाही. डबा भरायचा, झाकण लावायचं, मुलगा घेऊन जातो. खोलीमालकाला तीस हजार डिपॉझिट द्यायचं होतं. खोली रंगवून झाली की द्या, असं तो म्हणाला होता.

तोपर्यंत पैसे घरी ठेवता येत नव्हते. घरात दीर राहतात, आणि घरात पैसा आला की त्यांना कोणी न सांगता कळतं. म्हणून मी ते रुमालात बांधून मॅडमच्या कपाटात ठेवायला दिले. आमच्यात असं चालतं. जिथे काम करतो तिथे आपला पैसा सुरक्षित राहतो.

त्याच आठवड्यात मॅडमकडे कोलकात्याहून एक म्हातारे कारागीर आले. ते दोन-तीन वर्षांतून एकदा येतात आणि नागपुरातले मोजके पियानो दुरुस्त करून जातात. पियानोच्या पोटातल्या लाकडी हातोड्यांना लोकर लावलेली असते. ती कसरीने खाल्ली होती, आणि काही तारा गंजल्या होत्या. दोन दिवस त्यांनी काम केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची त्यांची गाडी होती आणि मॅडमचा पेन्शनचा फरक बँकेत आलेला नव्हता.

मी पोळ्या लाटत होते. मॅडम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी तिथे येत नाहीत.

"अगं, तुझे ते पैसे," त्या म्हणाल्या, "थोड्या दिवसांसाठी घेऊ का?"

मी पोळी उलटली. मला नाही म्हणायचं होतं. "घ्या ना," असं म्हणाले.

पियानो दुरुस्त करायचं कारण एक कार्यक्रम होता. काटोलकडे संत्र्याच्या मोठ्या बागा असलेलं एक घर आहे. त्या घरातला मुलगा परदेशात बासरी शिकून आला होता. आपली बांबूची नाही. चांदीसारखी चकचकीत, अंगभर छोटी छोटी झाकणं असलेली. त्याच्या आईने हौसेने नागपुरात हॉल घेतला होता, जानेवारीत कार्यक्रम ठरवला होता, आणि बासरीला साथ म्हणून पियानो हवा होता. तसं वाजवणारं नागपुरात मॅडमशिवाय तिला कोणी सापडलं नाही.

"चाळीस तरी देतील," मॅडम मला म्हणाल्या. "हातात आले की पहिले तुझे तीस."

पेन्शनचा फरक पुढच्या महिन्यातही आला नाही. आता माझे पैसे त्या एका कार्यक्रमात अडकले होते. घरी मला रोज विचारणा व्हायची. माझे मालक कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. बोलायला तिखट, पण मनाने वाईट नाहीत.

"मागितले का?"

"नाही."

"काहून?"

"त्यांच्याजवळ नाहीत."

"नाहीत कसे? रोज ते पेटी वाजवून राहिली ना? आपलेच तीस हजार वाजून राहिले थे. तू तिथं उभी राहून ऐकत जाय, तेवढंच व्याज."

खोली रंगवून झाली. खोलीमालक बाहेर खुर्ची टाकून बसायचा. मी तिथून जाताना पदर सारखा करून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायला लागले.

डिसेंबरच्या शेवटी तो मुलगा सरावाला यायला लागला. ते जे वाजवत ते संगीत फ्रान्समधलं, शंभरेक वर्षांपूर्वीचं, असं मॅडमनी सांगितलं. कवितांवरून केलेलं. पण कविता कोणी म्हणायची नाही. ती वहीत वाजवायच्या पानाआधी नुसती छापलेली असते, आणि पुढे तिचं काम बासरी आणि पियानो करतात. मला ते चमत्कारिक वाटलं. कविता आहे तर म्हणा की.

ऐकताना मला स्वस्थ बसवायचं नाही. आमच्या गल्लीत भजन असतं तेव्हा सम येते आणि सगळ्यांची मान आपोआप खाली जाते. इथे सम येईल, आता येईल असं वाटायचं आणि ती यायचीच नाही. ठेका नाही. पियानो पाण्यावर थेंब पडल्यासारखा कुठेही थोडा थोडा वाजायचा आणि बासरी त्यावरून न थांबता निघून जायची. मी भाजी चिरता चिरता थांबून राहायची आणि मग माझी मीच चिडायची.

पहिल्याच दिवशी अडचण आली. पियानोवर दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे वहीचं पान दुसऱ्या कोणीतरी उलटावं लागतं. मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी ते करायची. ती नोकरीला पुण्याला गेली होती.

"टॅबलेट वापरा ना मॅडम," मुलगा म्हणाला. "पायाने बटण दाबलं की पान पुढे जातं."

"माझे दोन्ही पाय पियानोच्या पेडलवर असतात. तिसरा मला नाही."

तो हसला नाही. त्याने वही मिटली. "मुंबईची एक पियानिस्ट माझ्या ओळखीची आहे. तिचं सगळं सेट असतं. तुम्हाला त्रास होणार असेल तर मी तिलाच विचारतो. आई काय, तिकीट काढेल."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मुंबईची बाई आली तर चाळीस हजार तिचे. मी ट्रे खाली ठेवला.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ही उलटेल," त्या म्हणाल्या.

"यांना नोटेशन येतं?"

"नाही. मी मान हलवली की उलटायचं. त्यात काय आहे?"

मुलाने खांदे उडवले. मला बाजूच्या खुर्चीत बसवलं. हाताला कांद्याचा वास होता म्हणून मी तो मांडीखाली धरून बसले. पानाचा वरचा कोपरा डाव्या हाताने धरायचा, उभं राहायचं, मान हलली की झटकन उलटायचं, आवाज होऊ द्यायचा नाही, आणि मॅडमच्या डोळ्यांपुढे आपला हात आडवा येऊ द्यायचा नाही. एवढं त्यांनी सांगितलं.

बासरी सुरू झाली. थोड्या वेळाने मॅडमनी मान हलवली. मी पान उलटलं.

मॅडमचे हात थांबले. मुलगाही थांबला.

"इतक्यात नाही गं."

"तुम्ही मान हलवली."

"ती मी..." मॅडम जरा ओशाळल्या. "ती मी त्याला दाद दिली. छान घेतलं त्याने ते."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच झालं. मॅडमचं बालपण या शहरातल्या मैफिलीत गेलेलं. कोणी काही छान वाजवलं की त्यांची मान हलणारच, ती त्यांच्या हातात नव्हती. तिसऱ्यांदा त्यांनी खरोखर पानासाठी मान हलवली तेव्हा मी दाद समजून बसून राहिले.

मुलगा बासरी पुसायला लागला. "मॅडम, परवा परत बघू," तो म्हणाला. "परवा जमलं नाही तर मात्र मी मुंबईला फोन करतो. प्लीज, वाईट वाटून घेऊ नका."

तो गेल्यावर मला वाटलं मॅडम म्हणतील, राहू दे. त्यांनी मला परत खुर्चीत बसवलं.

"मानेचं सोड," त्या म्हणाल्या. "कविताच ऐक."

शाळेतल्या नन्सकडून त्यांनी थोडं फ्रेंच शिकून घेतलं होतं. वहीतली कविता त्यांनी मला एकेक ओळ मराठीत करून सांगितली. तीन कविता होत्या. पहिली आणि शेवटची लहान, त्यांना एकेकदाच पान उलटावं लागायचं. मधली अवघड. तिच्यात एक बाई संध्याकाळी दिवा घेऊन तळ्यावर येते. दिवा खाली ठेवते. पाण्यात दिवा दिसतो, पण तो आपला नव्हे, पलीकडे कोणीतरी दुसरा दिवा घेऊन उभा आहे असं तिला वाटतं. ती हाक मारते. हाक पाण्यावरून जाते. उत्तर येत नाही. ती दिवा उचलून परत जाते.

"मग तो येत नाही का?" मी विचारलं.

"कोण?"

"ज्याला हाक मारली तो."

"तो नाहीच आहे. तिचाच दिवा आहे तो."

आमच्या चौथीच्या कवितांमध्ये असं नव्हतं. ज्याची वाट पाहायची तो यायचा, नाहीतर शेवटी काही शिकवण तरी असायची.

मॅडम वाजवायला लागल्या आणि वाजवता वाजवता बोलायला लागल्या. ही चालत येते. ही थांबली. आता दिवा खाली ठेवते, ऐक, डावा हात एकटाच खाली उतरतो, तो खाली टेकला की उलट. आता बासरी वर जाईल, ती हाक. हाक लांबते तेव्हा माझे हात थांबलेले असतात. तिचा श्वास संपायच्या आत उलट.

दोन दिवस मी भांडी घासताना, घरी भाकरी थापताना, तेच डोक्यात धरून ठेवलं. आली. थांबली. दिवा ठेवला. हाक मारली. मालक म्हणाले, "काय पुटपुटून राहिली वं? मागायचं पाठ करून राहिली का?"

तिसऱ्या दिवशी माझ्याकडून एकही पान चुकलं नाही. मुलाने मुंबईचं नाव काढलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्याले.

कार्यक्रम शनिवारी होता. आदल्या दिवशी खोलीमालकाने मला रस्त्यात अडवलंच.

"बाई, मले काही घाई नाही. पण तो मोबाइलच्या कव्हरवाला रोज येऊन राहिला. सोमवारपर्यंत थांबतो तुमच्यासाठी. मंग मले बोल नाही लावायचा."

"सोमवारी देते," मी म्हणाले. एवढं ठामपणे मी कोणाला काही सांगितलं असेल असं आठवत नाही.

हॉलमध्ये पियानो नव्हता, मॅडमचाच न्यायचा होता. मुलाच्या आईने मजूर पाठवते म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, हिच्या नवऱ्याला सांगते. म्हणून माझे मालक आणि त्यांचे चार साथीदार शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन आले. पोती उचलणारी माणसं. पियानोखाली पट्टे घातले, उचलला, आणि आतून सगळ्या तारा एकदम घुमल्या. एक जण दचकून म्हणाला, "अबे, जित्ता हाय का हा?"

"धरा रे नीट," मालक म्हणाले. "माझ्या बायकोचे तीस हजार हाय याच्यात. पडले तर तुमच्याकडून वसूल करीन."

मॅडम पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. पण मालकांना गप्प करायला माझं तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांना गप्प करायचं नव्हतं.

संध्याकाळी हॉल भरला. दारात अत्तर, गुलाबपाणी, प्रत्येकाच्या हातात संत्र्याची पिशवी. मुलाची आई भरजरी साडीत सगळीकडे फिरत होती. मोठ्या मनाची बाई. मलाही तिने जवळ ओढून कुंकू लावलं. मी मॅडमनी दिलेली गडद निळी साडी नेसले होते, म्हणजे स्टेजवर मी दिसणार नाही.

प्रमुख पाहुणे यायच्या आधी मुलाची आई पूजेचं ताट घेऊन स्टेजवर आली.

"अवो मॅडम, पूजा केल्याबिगर बाजा वाजवाल का?"

मॅडम आत शाल सारखी करत होत्या, मुलगा पाहुण्यांना आणायला गेला होता. तिथे मी एकटीच होते. तिने पियानोला हळदकुंकू वाहिलं, बासरीच्या डब्याला वाहिलं. मग वही घेतली. ती मुलाची वही, फ्रान्समध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली, पिवळ्या मऊ कागदाची. पोथी उघडावी तशी तिने ती मधोमध उघडली. पाण्यात कालवलेलं कुंकू, दोन बोटं भरून, पानावर टेकवलं. वर झेंडूची पाकळी ठेवली. वही मिटली आणि हात जोडले.

मी पाहत होते. ओलं कुंकू, मऊ कागद, वर दाबून मिटलेली वही. सुकलं की ती दोन पानं चिकटणार. माझ्या तोंडात शब्द आले होते, बाई, ओलं आहे. ती माझ्याकडे बघून हसली, "आता सगळं चांगलं होते पाय," म्हणाली आणि खाली उतरली. वही तिने पियानोवर ठेवली. तेवढ्यात पाहुणे आले आणि मला बाजूच्या पडद्यामागे जाऊन उभं राहावं लागलं.

पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. संत्र्यावर, मग संस्कृतीवर, मग पुन्हा संत्र्यावर. माझं लक्ष वहीवर होतं. दिव्यांच्या उजेडात कुंकू सुकत असणार. मॅडम दुसऱ्या बाजूच्या पडद्यामागे होत्या, त्यांना खूण करावी तर त्या डोळे मिटून बोटं चोळत होत्या. स्टेज ओलांडून जायला पाच-सात पावलं होती. समोर तीनशेक माणसं असतील.

मी मनाशी म्हटलं, टाळ्या वाजतील तेव्हा जाऊ. टाळ्या वाजल्या, मी गेले नाही. म्हटलं, पाहुणे पाणी प्यायला थांबतील तेव्हा जाऊ. ते थांबले नाहीत. चिकटलेली पानं उलटली की दोन पानं एकदम जाणार, हाक यायच्या जागी बाई परत घरी निघालेली असणार, आणि मुलगा सगळ्यांसमोर थांबणार. मग पैसे कोण देणार? मला सोमवार दिसला. खोलीचं शटर दिसलं.

मी निघाले. पाहुण्यांनी बोलता बोलता वळून पाहिलं.

"हां, पाणी इकडे ठेवा ताई," ते माइकवर म्हणाले.

माझ्या हातात पाणी नव्हतं. ते माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले आणि लोक हसले. मी पियानोपाशी गेले, त्यांच्याकडे पाठ केली आणि वही उघडली.

चिकटली होतीच. नख घालून हळूहळू सोडवायला लागले. खालून सुटत आली, आणि जिथे कुंकू जाड होतं तिथे कागदाचा बोटभर तुकडा एका पानावरून निघून दुसऱ्यावर राहिला. त्या तुकड्यावरचे काळे ठिपके लाल झाले होते. तळ्याचीच कविता. हाकेनंतरचं पान.

मी परत पडद्यामागे न जाता सरळ मॅडमच्या बाजूला गेले आणि सांगितलं. एका वाक्यात सांगितलं, मला आठवतं. "बाईंनी कुंकू लावलं, पान फाटलं, हाकेनंतरचं, वरचा भाग गेला."

मॅडमनी डोळे मिटून मांडीवर बोटं हलवून पाहिली. बोटं एका जागी अडली. पुन्हा हलवली, पुन्हा तिथेच अडली.

"किती गेलं?"

मी बोट दाखवलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

पहिली कविता गेली. पान नीट उलटलं. दुसरी सुरू झाली. ती आली. थांबली. डावा हात खाली उतरला, दिवा ठेवला, मी पान उलटलं. बासरी वर चढायला लागली. हाक लांबली. मी उभी राहिले, कोपरा धरला, उलटलं, आणि ते लाल भोक माझ्या समोर आलं. पियानोने तिथे काहीतरी वाजवायचं होतं, ते मला सरावात ऐकून माहीत होतं. तीन-चार थेंब पडल्यासारखं. मॅडमचे हात पट्ट्यांवर तरंगत राहिले. वाजलं काहीच नाही. मुलाने श्वास घेतला, बासरीच्या वरून मॅडमकडे डोळे वळवले. मी भजनातल्या समेची वाट पाहावी तशी त्या हातांकडे पाहत होते. मग डावा हात पुढच्या ओळीवर आपणहून गेला आणि मुलगा त्याच्यामागून आला.

लोकांना काही कळलं नाही. कविता संपली हेही कळलं नाही, त्यामुळे टाळ्या उशिरा वाजल्या.

नंतर आतल्या खोलीत मुलाने वही उघडली. "हे काय झालं?"

"मी लावलं कुंकू," त्याची आई म्हणाली.

"आई, कागदाले कोणी कुंकू लावते का?"

"मंग काय लावते? तुह्या फ्रान्सचे लोक काय लावतात?"

तो डोक्याला हात लावून बसला. मॅडमना शाल दिली, श्रीफळ दिलं, संत्र्याची टोपली दिली आणि शालीवर ठेवून एक पाकीट दिलं. मला साडी दिली. मी पाकिटाकडे पाहत होते. ते मला पातळ वाटलं.

ऑटोत बसल्यावर मॅडमनी पाकीट तसंच माझ्या हातात ठेवलं. त्यांनी उघडूनही पाहिलं नव्हतं. मी सिग्नलच्या उजेडात उघडलं. पाचशेच्या बावीस नोटा आणि एक रुपयाचं नाणं.

"मॅडम, अकरा हजार एक आहेत."

त्यांनी मांडीवरची संत्र्याची टोपली पायाशी ठेवली. मग म्हणाल्या, "ती म्हणाली होती, मॅडम, तुमच्या मानधनाचं आमच्याकडे लागलं. आकडा मी विचारला नाही. कसं विचारायचं?"

"तुम्ही चाळीस म्हणाला होता."

"मला वाटलं होतं तसं."

मी रोज ज्यांच्यासाठी पोळ्या करते त्या बाईंना आकडा विचारता आला नव्हता आणि मला नाही म्हणता आलं नव्हतं. ऑटो चालला होता. गप्प बसून घरी जाता आलं असतं. पण थोड्या वेळापूर्वी मी तीनशे माणसांसमोरून रिकाम्या हाताने चालून गेले होते, त्याहून जास्त लाज आता कशाची वाटणार होती?

"मॅडम," मी म्हणाले, "मला सोमवारी तीस हजार द्यायचे होते. खोलीसाठी. ती खोली आता जाईल."

"माहीत आहे मला."

"बाकीचे कधी द्याल?"

ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. मॅडमनी शाल घट्ट ओढली. "मी शिकवण्या बंद केल्या होत्या बोटं दुखतात म्हणून," त्या म्हणाल्या. "परत सुरू करते. जे येईल ते तुला, पहिल्या तारखेला."

सोमवारी मी खोलीमालकाकडे अकरा हजार घेऊन गेले. म्हटलं, एवढे आता घ्या. तो म्हणाला, बाकीचे कधी? मी म्हटलं, महिन्या-महिन्याने. त्याने मान हलवली, आणि ती होकाराची नव्हती. आठवड्याने तिथे मोबाइलची कव्हरं लटकायला लागली. मालकांनी घरी टोमणा मारला नाही, म्हणून मला जास्त रडू आलं.

मॅडमकडे मुलं यायला लागली. पहिली आली ती त्या संत्र्यावाल्या घरातली नात, तिच्या आजीने, म्हणजे त्या मुलाच्या आईने, स्वतः आणून सोडली. मॅडमनी तिला फी किती ते दारातच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज चिरकला. आतून मला तो ऐकू आला. बाईने ती लगेच दिली. दर पहिल्या तारखेला मॅडम माझ्यासमोर टेबलावर पैसे ठेवायच्या. कधी दोन हजार, कधी पंधराशे. मे महिन्यात मुलं सुटीवर गेली तेव्हा फी काहीच आली नाही. जूनच्या पहिल्या तारखेला त्यांनी टेबलाकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही, पण दुपारी जाताना मी दारात उभी राहून विचारलं, "या महिन्याचं?" त्यांनी पर्समधून सातशे काढून दिले.

मी वाट पाहत बसले नाही. त्या अकरा हजारांतून जुनी शेगडी आणि दोन मोठी पातेली घेतली आणि आमच्याच घरातून होस्टेलच्या चार मुलांचे डबे सुरू केले. दीर कुरकुरले, मग डबे पोचवायला लागले.

या वर्षी संत्री बाजारात आली त्या सुमारास एका पहिल्या तारखेला मॅडमनी शेवटच्या नोटा टेबलावर ठेवल्या. मी त्या त्यांच्यासमोर मोजल्या, आधी कधी मोजल्या नव्हत्या. त्या मोजणं होईपर्यंत उभ्या राहिल्या.

"झाले?"

"झाले," मी म्हणाले. "तीस हजार पूर्ण."